आडनाव बदललं, की कधी लिहिलंच नव्हतं? मॉरिशसला गेलेल्या पूर्वजाचं गाव शोधताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी मॉरिशसच्या मराठी घरात दिली आहे. जावयाचं आडनाव धोंडू. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की मूळ आडनाव मोरे, पण पोर्ट लुईच्या धक्क्यावर फ्रेंच कारकुनाने ते बदलून टाकलं. मे महिन्यात मुलगी-जावई येणार आहेत, त्यांना कुलदैवताच्या पायावर घालायचं आहे, आणि गाव माहीत नाही. म्हणून रत्नागिरी जिल्ह्यात मोऱ्यांची गावं कोणती, असं तुम्ही विचारलं आहे.

तशी यादी करता येईल. पण ती घेऊन निघालात तर गावोगाव पाहुणचार होईल, कुणीतरी मायेपोटी "हो, आमच्यातलाच एक बोटीने गेला होता" असं म्हणेलही, आणि जावयाच्या घराण्याला कायमचं चुकीचं गाव चिकटेल. मी मोडी कागद वाचते आणि मॉरिशसच्या काही मराठी घराण्यांना त्यांची गावं शोधायला मदत केली आहे. त्यावरून सांगते, आडनाव धरून सुरुवात करू नका. आडनाव या शोधात सगळ्यात शेवटी हाती येतं, तेही आलं तर. आधी माणसाला मॉरिशसला उतरल्यावर मिळालेला क्रमांक, त्यावरून गाव, आणि गावातून आडनाव, असा हा रस्ता आहे.

पहिल्यांदा त्या कारकुनाचं बघू, कारण ही गोष्ट मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळते. इंग्रजांनी मॉरिशस फ्रेंचांकडून १८१० मध्ये घेतलं. उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या मुदतबंद करारावर, माणसं न्यायला १८३४ पासून सुरुवात झाली आणि १८४२ नंतर हे सगळं सरकारी देखरेखीखाली चालू लागलं. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही तीन बंदरं. साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली, त्यात मुंबईचा वाटा बराच लहान. पण कुठल्याही बंदरातून बोट सुटायच्या आधी तिच्यावरच्या माणसांची यादी तिथेच तयार होत असे. पोर्ट लुईला, म्हणजे आज ज्याला आप्रवासी घाट म्हणतात तिथे, त्या यादीवरून माणसं ताडून घेत आणि तिथल्या नोंदवहीत उतरवत. त्यामुळे तुमच्या जावयाच्या पूर्वजाचं नाव रोमन लिपीत पहिल्यांदा लिहिलं गेलं ते मुंबईत, बोटीवर चढण्यापूर्वी. फ्रेंच वळणाचा हात नंतर लागला, मुलांच्या जन्मनोंदी होताना. त्याकडे पुढे येते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. त्या नोंदवहीत आडनावाचा रकाना नव्हता. एक ओळ कशी असते ते नमुन्यादाखल लिहून दाखवते. हा कुणा खऱ्या माणसाचा तपशील नाही, रकाने मात्र असेच असतात. क्रमांक. नाव: धोंडू. बापाचं नाव: राघू. पुरुष. वय: २४. जात: मराठा. उंची: पाच फूट तीन इंच. खूण: डाव्या भुवईवर व्रण. जिल्हा: रटनाघेरी. तालुका: उंजनवेल. गाव: कलुंबस्ट. पुढे बोटीचं नाव, पोचल्याची तारीख, आणि कोणत्या मळ्यावर धाडलं ते. झाली ओळ. मोरे, शिंदे, कदम यांतलं काही लिहायला जागाच नाही. त्या काळच्या आपल्या मोडी कागदांत "धोंडू बिन राघू मोरे" असं लिहीत. नाव, बिन किंवा वलद, मग बापाचं नाव, आणि आडनाव असलं तर त्यापुढे. इंग्रजी नमुन्यात पहिली दोन नावं गेली आणि तिसरं राहून गेलं. तुमच्या व्याह्यांकडे मोरे हे नाव तोंडी टिकलं असेल तर ते खरंही असू शकेल. ते खोडलं गेलं नाही, विचारलं गेलं नाही.

मग धोंडू हे आडनाव कुठून आलं? पहिल्या माणसाचं एकट्याचं नाव धोंडू. त्याला तिथे मुलगा झाला, त्याचं नाव सखाराम ठेवलं. मॉरिशसमध्ये राज्य इंग्रजांचं आलं तरी दिवाणी कायदा फ्रेंच वळणाचाच राहिला, आणि त्यात प्रत्येकाला कुटुंबाचं नाव हवंच. म्हणून मुलगा झाला सखाराम धोंडू. त्याच्या मुलाने धोंडू लावलं की सखाराम, हे नोंद करायला कोण गेलं आणि समोरच्याने काय विचारलं यावर ठरलं. एकाच माणसाच्या दोन मुलांची आडनावं वेगळी निघालेली मी पाहिली आहेत. दोन्ही घरं आज एकमेकांना परकी समजतात आणि क्रमांक मात्र एकाच पूर्वजाला जाऊन पोचतो.

इथे आणखी एक गुंता आहे, तो आधीच सांगून ठेवते, म्हणजे कागद बघून कुणी दुखावणार नाही. नुसतं धार्मिक विधीने लागलेलं लग्न पूर्वी तिथला कायदा धरत नसे, नागरी नोंद लागे. आपल्या माणसांनी अंतरपाट धरून लग्नं लावली आणि नोंदीला गेले नाहीत. परिणामी मुलाच्या दाखल्यावर कधी फक्त आईचं नाव सापडतं, आणि कुटुंबाचं नावही आईच्या बाजूचं लागतं. तेव्हा धोंडू हा पणजीचा बाप असण्याची शक्यताही मनात ठेवा. तसं निघालं तर कुलदैवत कोणाचं धरायचं, हे तुमच्या व्याह्यांनी ठरवायचं. तो निर्णय कागद देत नाहीत.

रोमन लिपीतल्या रूपांवर एवढंच सांगते: कुठल्याही एका रूपावर अडून बसू नका. लक्ष्मण हे नाव तिथे लक्सिमन, लचमन, लुचमन अशा निरनिराळ्या रूपांत आडनाव बनलं आहे. धोंडू, धोंडी, धोंडजी आणि धोंडिबा हेही कागदावर एकमेकांत मिसळतात. 'ध' चा 'ड' होतो, 'ळ' चा 'ल' होतो, शेवटचा 'बा' किंवा 'जी' गळतो. नोंदी शोधताना नाव मोठ्याने उच्चारून बघा, मराठी न कळणाऱ्या कानाला ते कसं ऐकू येईल असा विचार करा, आणि ती सगळी रूपं तपासा.

आता क्रमांकाकडे. प्रत्येक माणसाला, बाईला आणि मुलालाही, उतरल्यावर स्वतंत्र क्रमांक मिळे आणि तो जन्मभर त्याच्यासोबत राही. एकाच बोटीत दहा धोंडू असू शकतात, क्रमांक मात्र एकाचाच. तो मिळवायला जावयापासून उलटं मागे जायचं: जावयाचा जन्मदाखला, त्याच्या वडिलांचा जन्म आणि लग्नाचा, आजोबांचा, पणजोबांचा. हे सगळे पोर्ट लुईच्या नागरी नोंदणी कार्यालयातून मिळतात. मागे जाता जाता एका पिढीवर असा दाखला येतो की ज्यात आई किंवा बाप स्वतः हिंदुस्थानातून आलेला आहे. तिथे त्यांच्या नावापुढे बहुधा हा क्रमांक असतो. पुष्कळदा तो समासात किंवा ओळीच्या शेवटी बारीक अक्षरात असतो आणि टंकलिखित उताऱ्यात गळतो. म्हणून मूळ नोंदीची छायाप्रत मागा.

एक पिढीसुद्धा गाळू नका. "पणजोबांपर्यंत आम्हाला माहीतच आहे" म्हणून लोक मधले दाखले काढत नाहीत आणि नेमकी तिथेच साखळी दुसऱ्या घराण्यात शिरते. तुमच्या व्याह्यांनी ओसीआय कार्डासाठी, म्हणजे परदेशातल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं त्या कार्डासाठी, अर्ज केला असेल तर ही कामं अर्धी झालेली असतील. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या होत्या, तेव्हा तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत हे कार्ड मिळण्याची घोषणा झाली. तेव्हापासून बऱ्याच घरांनी जुने दाखले काढून ठेवले आहेत. आधी त्यांना विचारा.

क्रमांक मिळाला की मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जायचं. गिरमिटियांच्या नोंदवह्या तिथल्या अभिलेखागारात आहेत. वाटेल त्याला त्या चाळायला मिळत नाहीत, वंशजाने नातं दाखवणारे दाखले जोडून अर्ज करायचा असतो. म्हणजे हे काम जावयालाच करावं लागेल, तुम्ही ठाण्यात बसून होणार नाही. अर्ज करताना छायाचित्राचंही विचारा. १८६७ च्या मजूर कायद्यानंतर जुन्या मजुरांनाही फोटो लावलेलं ओळखपत्र बाळगावं लागे, त्यामुळे आधी आलेल्या माणसाचाही फोटो सापडण्याची आशा असते. सगळ्यांचे टिकलेले नाहीत. ज्यांचा मिळतो त्या घरात तो देवघराशेजारी लागतो, हे मी पाहिलं आहे.

आणि एक विनंती न विसरता करा: पूर्वजाच्या क्रमांकाच्या मागच्या-पुढच्या ओळीही बघायला मागा. क्रमांक एका बोटीतल्या माणसांना ओळीने दिले जात, आणि एका गावची माणसं रांगेत एकत्र उभी राहत. तुमच्या माणसाचं गाव वाचता येत नसेल तर त्याच्या शेजारच्याचं वाचता येतं. भाऊ, बायको, मेव्हणा असेल तर तशी नोंदही कधी कधी असते. बायकांच्या ओळी तर नक्की बघा. पुरुषाच्या ओळीत नुसता जिल्हा आणि बायकोच्या ओळीत गाव, असंही होतं.

गाव मिळालं म्हणजे काम संपलं असं समजू नका, उलट माझं काम तिथून सुरू होतं. त्या वेळचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा नव्हे. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला, तोवर मालवण, देवगड, वेंगुर्ले रत्नागिरीतच होते. सावंतवाडी हे निराळं संस्थान. रायगड म्हणजे कुलाबा. तालुक्यांची जुनी नावं तर आज कोकणातल्या माणसालाही पटकन कळत नाहीत. सुवर्णदुर्ग तालुका म्हणजे दापोली-खेडकडचा भाग, अंजनवेल म्हणजे गुहागर-चिपळूणकडचा, विजयदुर्ग म्हणजे देवगडकडचा. वरच्या नमुन्यातलं "उंजनवेल" हे अंजनवेल. पण अंजनवेल या गावात जाऊन धोंडू शोधत बसलात तर काही मिळणार नाही, कारण ते तालुक्याच्या रकान्यात आहे. "कलुंबस्ट" म्हणजे कळंबस्ते. रत्नागिरी जिल्ह्यात कळंबस्ते नावाचं एकच गाव नाही. पण तालुका अंजनवेल म्हटल्यावर चिपळूणचं कळंबस्ते पुढे येतं. तालुका आणि गाव एकत्र वाचायचे ते यासाठी.

दोन ठिकाणी सावध राहा. गावाच्या रकान्यात "बॉम्बे" असेल तर तो माणूस मुंबईचाच असं नाही. कोकणातला माणूस आधी मुंबईत हमालीला, गोदीत कामाला येई आणि तिथे मुकादमाच्या हाती लागे. अशा वेळी गाव कागदावर येतच नाही, आणि मग खरोखर शेजारच्या ओळी आणि घरातल्या आठवणी एवढाच आधार उरतो. दुसरं म्हणजे जातीचा रकाना. मुंबईच्या यादीत "मराठा" हा शब्द कधी जातीसाठी, कधी मराठी मुलखातला एवढ्याच अर्थाने पडलेला दिसतो. काहींनी तर बोटीवर चढताना जाणूनबुजून वेगळी जात सांगितली असेल. नव्या मुलखात नवी सुरुवात करायची इच्छा मला पूर्ण समजते. म्हणून "मराठा लिहिलंय, म्हणजे मोरेच" असं गणित मांडू नका.

आता घरातल्या आठवणी. मॉरिशसमधल्या मराठी मंडळींनी गणपती इतक्या निष्ठेने जपला की गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, आणि गणपतीत ते झाकरी नाचतात ती आपल्या जाखडीची सख्खी बहीण. यावरून समाज कोकणातून गेला हे कळतं, एका घराण्याचं गाव नाही कळत. गाव कळायला मदत करतं ते देवाचं नाव. घरात रवळनाथ, वेतोबा, सातेरी, भराडी यांपैकी कुणाचं नाव घेत असतील तर मी मालवण-वेंगुर्ले-सावंतवाडीकडे बघेन. वाघजाई, सोमजाई म्हणत असतील तर चिपळूण-खेड-दापोलीकडे. खंडोबा-जोतिबा आला तर घाटावरचा माणूस असण्याची शक्यता वाढते, कारण साताऱ्या-कोल्हापुराकडूनही माणसं गेली. हा पुरावा नव्हे, दिशा आहे. पण दोन कळंबस्त्यांतलं कोणतं, अशी वेळ आली की हीच दिशा कामाला येते.

गाव नक्की झालं की इकडचे कागद. ज्याने गाव सोडलं तो स्वतः इथल्या कागदांत सापडण्याची आशा कमी, कारण कोकणातल्या गावांचे पद्धतशीर कागद बहुतेक तो गेल्यानंतरचे आहेत. खोतीचा कायदा १८८० चा. कोतवालाची जन्ममृत्यूची वही, म्हणजे गाव नमुना १४, बऱ्याच गावांत त्याच सुमारापासून पुढे मिळते. म्हणून आपण धोंडूला शोधत नाही, राघूला शोधतो. राघूचे बाकीचे मुलगे गावात राहिले असतील तर जुन्या फेरफारात, खोती गावच्या बोटखतात (जमिनीच्या हक्कांच्या नोंदीत), मृत्यूच्या नोंदीत कुठेतरी "अमुक बिन राघू" येतो, आणि तिथे आडनाव असतं. तुमचं मोरे खरं की नाही याचा निवाडा त्या एका ओळीवर होईल. कागद मोडीत असतील. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी जिल्हाधिकारी कार्यालयांनी अशा अनेक जुन्या नोंदी स्कॅन करून जिल्ह्याच्या संकेतस्थळांवर टाकल्या आहेत. शोध वेगळ्या कारणासाठी झाला, पण आपल्याला त्याचा मोठा उपयोग आहे. उरलेल्यासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करायचा.

तीर्थोपाध्यायांच्या वह्याही बघाव्यात. गावात राहिलेल्या भावांपैकी कुणी नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेलं असेल तर उपाध्यायांच्या नामावळीत पिढ्या मिळतात. पण ती वही गाव, जात आणि आडनावावरून उघडते, त्यामुळे ही पायरी नंतरची. डीएनए चाचणीबद्दल विचारलंत. ती गाव सांगत नाही. त्याच गावातल्या कुणी तीच चाचणी केली असेल आणि जुळली तर गोष्ट वेगळी, आणि कोकणातल्या खेड्यात ते फार थोड्यांनी केलं आहे.

खात्री किती धरायची, हे परिस्थितीवर आहे. क्रमांक, बापाचं नाव, गाव आणि गावातला "बिन राघू" हे चारही जुळले तर मी निःशंकपणे सांगते की हे तुमचं गाव. क्रमांक आणि गाव मिळालं, पण गावातले कागद वाळवीने खाल्ले किंवा जळाले, तर गाव पक्कं आणि भावकी अनिश्चित. तरीही ग्रामदेवतेची ओटी भरायला काहीच हरकत नाही, ती सगळ्या गावाची असते. आणि नुसतं आडनाव जुळलं तर मी काहीच जुळलं नाही असं धरते. कुणाच्या भावकीत पाहुण्याला बसवणं ही हलकी गोष्ट नाही, दोन्ही घरांसाठी.

त्यामुळे येत्या मे महिन्यातच जायचं हा हट्ट सोडा असं सुचवेन. दाखले, मोका इथल्या संस्थेतला अर्ज, इकडचे कागद यांना वेळ लागतो, आणि किती लागेल हे कुठल्या पिढीवर गाडी अडते यावर आहे. गाव सापडलं की त्या गावाचं मुंबईतलं मंडळ गाठा. कोकणातल्या बहुतेक गावांची अशी मंडळं आहेत आणि गावातला गुरव, मानकरी, जुनी जाणती माणसं कोण, हे त्यांना ठाऊक असतं. जाणत्यांना विचारताना मॉरिशसबरोबर "मोरसला कोणी गेलं होतं का" असंही विचारा, जुनी माणसं त्या बेटाला मोरस म्हणत. जायचं ते शिमग्यात किंवा गणपतीत, तेव्हा चाकरमानी आलेले असतात आणि सगळी भावकी एका जागी भेटते.

मात्र एक काम आजच करा. तुम्ही लिहिलंय की जावयाची आजी नव्वदीच्या पुढे आहे आणि तिला थोडं मराठी येतं. जावयाला सांगा, फोनवर ध्वनिमुद्रण चालू ठेवून तिच्याशी क्रिओलमध्येच, म्हणजे तिथल्या रोजच्या बोलीतच, निवांत बोल. आडनाव विचारू नको, ती ऐकलेलंच सांगेल. विचार की पूजेला बसताना सासरे कोणत्या देवाचं नाव आधी घेत. घरातला मोठा वारला तेव्हा दहाव्याला कोण कोण आलं होतं, आणि त्यांना काय म्हणून हाक मारत. सासऱ्यांचे वडील कोणत्या मळ्यावर होते. त्यांच्या बायकोचं माहेर कुठलं. लहान मुलांना झोपवताना काय म्हणत. मळ्याचं नाव कळलं तर अभिलेखागारात शोध निम्म्याने सोपा होतो. देवाचं कळलं तर मला कळवा, मी तालुक्यापर्यंत अंदाज बांधून देईन. आणि क्रमांक हाती आला की त्या ओळीची, तिच्या वरच्या पाच आणि खालच्या पाच ओळींसकट, प्रत पाठवा.